वळणावरची बाटली

आमच्या शेजारचा घड्याळवाला बारा वर्षं हौसेने सायकलच्या शर्यतीत उतरतोय. बक्षिसाच्या नावाने शंख. हंगाम संपला की सायकल भिंतीला टांगतो आणि महिनाभर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

परवा जेवताना बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. याने मान वर न करता तो हिसकावला, घटाघटा प्यायला आणि सवयीने मागे भिरकावून दिला. शर्यतीत रिकामी बाटली अशीच फेकतो. पेला स्टीलचा म्हणून निभावलं.

पेला उचलून आणताना तो ओशाळला होता. म्हणाला, "दर शर्यतीला तू वळणावर पाणी घेऊन उभी असतेस. कसा दिसतो गं मी तेव्हा?"

"काय माहीत," ती म्हणाली. "मला आजवर फक्त तुझा हात दिसलाय."