दारातली खुर्ची आणि व्याह्यांची फ्लॉपी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, लिहिता-वाचता येत नव्हतं. तरीही नव्वदच्या दशकात बारामतीत संगणकाविषयी सगळ्यात जास्त मतं कोणाकडे होती असं विचाराल, तर ती आप्पांकडे. आणि मत पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती.

मी तेव्हा भिगवण रस्त्यावर टायपिंगचा आणि संगणकाचा क्लास चालवायचे. संगणक दोनच होते, एक नवा आणि एक खडखडणारा जुना. त्याच जागेत महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या 'बारामती-इंदापूर संगणक मित्र मंडळा'ची सभा भरायची. ज्यांच्याकडे संगणक आहे ते, घ्यायचाय ते, आणि शेजारच्याने घेतला म्हणून झोप उडालेले, असे सगळे मिळून एकशे चौदा सभासद. मंडळाचं 'कळफलक' नावाचं दोन पानी पत्रक निघायचं. पहिल्या पानावर संगणक नीट कसा वापरावा याच्या सूचना, मागच्या पानावर जगात काय नवीन चाललंय त्याच्या बातम्या. संपादक मी. अध्यक्ष माझे वडील जोतीराम, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, राहणार इंदापूर. मी त्यांना दादा म्हणते. बातम्या ते पुरवायचे. महिन्यातून एकदा एसटीने पुण्याला जायचे आणि आल्यावर अमेरिकेला जाऊन आल्यासारखे बोलायचे.

आप्पांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. लोणी भापकरला त्यांची दीडशे मेंढरं होती. एका वर्षी थोरल्या नणंदेच्या सासरहून एक देखणा मेंढा भेट आला. बाहेरचं जनावर पंधरा दिवस वेगळं बांधायचं, ही आप्पांच्या बापजाद्यांची रीत. पण व्याह्यांनी प्रेमाने दिलेला मेंढा त्यांच्यासमोर वेगळा बांधायचा, म्हणजे तुमच्या घरात रोगराई आहे असं तोंडावर सांगण्यासारखं. आप्पांची जीभ रेटली नाही. मेंढा कळपात सोडला. पुढच्या पंधरा दिवसांत मेंढरांना देवी आल्या आणि महिनाभरात कळपच्या कळप बसला. उरलीसुरली अकरा त्यांनी विकून टाकली आणि आमच्याकडे बारामतीला आले. आठ महिने कोणाशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचे आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायचे. माझे यजमान मल्हार यांनी शेवटी त्यांना हाताला धरून क्लासच्या दारात एका खुर्चीवर बसवलं. म्हणाले, माणसं तरी दिसतील.

माणसं दिसली, आणि एक दिवस आप्पांना फ्लॉपीही दिसली. कोणीतरी आणली होती. मी ती आधी जुन्या संगणकात घालून तपासली आणि मगच नव्यात घातली.

"असं का?" आप्पांनी विचारलं. तो आठ महिन्यांतला त्यांचा पहिला प्रश्न होता.

मी सांगितलं, बाहेरून आलेल्या फ्लॉपीत व्हायरस असू शकतो, रोगच म्हणा. एका संगणकातून दुसऱ्यात जातो.

आप्पा खुर्चीत ताठ बसले. त्यानंतर माझ्या क्लासमध्ये आप्पांना न विचारता एकही फ्लॉपी आत गेली नाही. त्यांनी दारात एक पत्र्याचा डबा ठेवला, त्यात कडुनिंबाचा पाला घातला, आणि येईल ती फ्लॉपी त्यात आठ दिवस कोंडायला सुरुवात केली. मेंढराला पंधरा दिवस आणि फ्लॉपीला आठच का, असं मी विचारलं तर म्हणाले, "ल्हान हाय ती." आठ दिवसांत फ्लॉपीला काय ताप येणार होता? नवव्या दिवशी मीच ती जुन्या संगणकावर तपासायची आणि मग आप्पा तिच्यावर गेरूचा ठिपका लावायचे. पास झालेल्या मेंढराच्या पाठीवर लावतात तसा. सभासद वैतागायचे. पण खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत आमच्या क्लासमध्ये एकही व्हायरस आला नाही.

याचा अर्थ आप्पा फार शहाणे होते असा कोणी काढू नये. नव्या संगणकाच्या माउसखाली त्यांनी प्रेमाने घोंगडीचा तुकडा अंथरला होता. चार महिन्यांत माउस इकडे ओढला की बाण तिकडे उड्या मारायला लागला. उघडून बघितला तर आतल्या गोळ्याभोवती निम्म्या मेंढीची लोकर. 'माउस अडखळत असेल तर गोळा काढून पुसा' ही सूचना मी नवव्या अंकात दिली. लोकर कुठून आली ते छापलं नाही.

सूचना लिहून झाल्या की मी त्या आधी आप्पांना वाचून दाखवायची. त्यात माझा थोडा दुष्टपणा होता. आप्पांना कळलं म्हणजे इंदापूरच्या सभासदांनाही कळेल, असा हिशोब. आप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि अडलं की म्हणायचे, "फिरून वाच." मी चिडायची, मग सोपं करून पुन्हा लिहायची. भलतेसलते प्रश्नही विचारायचे. पाचव्या अंकात मी लिहिलं होतं की फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून आतल्या चकतीला हात लावू नये, धूळ किंवा ओल लागली तर ती वाया जाते.

"आन भंडारा लागला तर?" आप्पांनी विचारलं.

भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. "तर मेलीच समजा," मी म्हटलं. "पण फ्लॉपीला भंडारा कोण लावणार आहे, आप्पा?"

"इचारून ठिवलं," आप्पा म्हणाले.

आता मूळ गोष्टीवर येते. १९९७ च्या फेब्रुवारीत दादांचा फोन आला. मार्चच्या सभेला ते पुण्याहून मिळवलेली खास फ्लॉपी आणणार होते. पडद्यावर रंगीत मासे पोहतात, बुडबुडे येतात. ती माझ्या संगणकावर सगळ्या सभासदांसमोर चालवायची. "आणि तुझ्या सासऱ्यांना सांगून ठेव," दादा म्हणाले, "माझी फ्लॉपी पाल्यात कोंडली तर मी इंदापूरची माणसं घेऊन उठून जाईन. वेगळं मंडळ काढू. मुलीच्या घरी जाऊन रोगट म्हणवून घ्यायला मी मोकळा नाही."

दादा बोलले की करतात. इंदापूरचे सभासद निम्मे होते. ते गेले की मंडळ संपलं, 'कळफलक' संपला, आणि माहेर-सासर मिळून मला आयुष्यभर पुरेल एवढं भांडण शिल्लक राहिलं असतं. मी रागातच आप्पांपुढे उभी राहिले.

"रविवारी माझ्या वडिलांना दारात एक जरी वाकडा शब्द बोललात, तर सोमवारपासून ही खुर्ची इथं राहणार नाही. तुम्हाला लोणीला धाकट्या भावजींकडे पाठवीन."

बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं. पण शब्द मागे घेतला नाही, कारण माझा स्वभावही काही गोड नाही. आप्पांनी खुर्चीच्या दांड्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "वाकडा शबूद न्हाय ना बोलायचा? यवढंच?"

"एवढंच."

"न्हाय बोलणार," आप्पा म्हणाले.

दोन मार्चला रविवारी दुपारी क्लास गच्च भरला. दादा आले, कडक इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी, खिशात फ्लॉपी. माझं सगळं लक्ष दाराकडे. आप्पा उठून उभे राहिले.

"राम राम, जोतीरामराव! यावं पाव्हणं. काय आणलंय म्हणं?"

दादांनी जरा छाती काढूनच फ्लॉपी पुढे केली. आप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मी सुटकेचा श्वास सोडला. तो जरा लवकरच सोडला.

"आमच्यात व्याह्याच्या हातची वस्तू सुकीसुकी घरात घेत न्हाईत," आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आधी मान, मग काम. बसा पाव्हणं."

आणि त्यांनी दादांना कुठे बसवलं, तर आपल्या स्वतःच्या खुर्चीवर. तिच्यावर आजवर त्यांनी कोणाला टेकूही दिलं नव्हतं. शेजारी स्टुलावर ताम्हण तयार होतं. त्यात नारळ, गंध आणि भंडाऱ्याची भरलेली वाटी. दादांच्या कपाळाला गंध लागलं, टोपीवर भंडारा पडला. दादा खूश. निम्मी सभा उभी राहून बघायला लागली.

मग आप्पांनी फ्लॉपी डाव्या हातात घेतली. त्यांचा अंगठा हळूच पत्र्याच्या झाकणावर गेला, झाकण सरकलं, आणि "येळकोट येळकोट, जय मल्हार!" म्हणत त्यांनी भंडाऱ्याची मोठी चिमूट बरोबर त्या फटीत सोडली. सभेनेही जोरात "जय मल्हार!" म्हटलं. दुसरी चिमूट, पुन्हा जय मल्हार. तिसऱ्या चिमटीला तर दादांनीही हात जोडले. मग आप्पांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी मनोभावे फ्लॉपीवर शिंपडलं.

"घे," आप्पा म्हणाले आणि ती पिवळी, ठिबकणारी वस्तू अदबीने माझ्या हातात दिली. "चालीव आता. पाव्हण्यांचं मासं बघू दे समद्यांना."

मी दादांकडे बघितलं. दादांनी फ्लॉपीकडे बघितलं. एवढ्या मानपानानंतर रागवायचं तरी कोणत्या तोंडाने? "ओली आहे," मी एवढंच म्हणू शकले.

"असू दे, असू दे," दादा पिवळी टोपी सावरत म्हणाले. "मी तोंडीच सांगतो." आणि त्यांनी पाऊण तास मासे तोंडी सांगितले, हातांनी बुडबुडेसुद्धा काढून दाखवले. मधेच नेहमीप्रमाणे लाईट गेली आणि पाच मिनिटांनी आली. संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. दादा तृप्त होऊन इंदापूरला गेले आणि कोणीही वेगळं मंडळ काढलं नाही.

सभा पांगल्यावर मी आप्पांना गाठलं. एक बाईमाणूस जेवढं बोलू शकतं तेवढं बोलले. माणसाचा मान करता की टिंगल, असंही विचारलं. आप्पा गंभीर चेहऱ्याने खोबरं चावत होते.

"वाकडा शबूद बोललो व्हय म्या?"

नव्हते बोलले. खुर्ची राहिली.

त्याच आठवड्यात गुरुवारी, सहा मार्चला, सकाळी इंदापूरहून फोन आला. दादांचा आवाज पार बसलेला. त्यांचा संगणक सुरूच होईना. सगळं पुसलं गेलं होतं. सहा मार्चला जागा होणारा एक व्हायरस तेव्हा जगभर गाजत होता. त्याची बातमी आमच्याच पत्रकात आली होती आणि ती दादांनीच पुण्याहून आणली होती. व्हायरस आला त्या माशांच्या फ्लॉपीतून. फ्लॉपी आत राहिलेली असताना संगणक नव्याने सुरू झाला की तो आधी तिलाच वाचतो आणि रोग आत शिरतो, म्हणून लाईटचा भरवसा नसेल तिथे फ्लॉपी आत ठेवू नका, असं मी आठव्या अंकात चौकट टाकून छापलं होतं. दादांनी ती आधी घरी लावून बघितली होती, ती आत असतानाच लाईट गेली होती, आणि आठवा अंक त्यांनी फडताळात अंथरला होता. हे त्यांनीच कबूल केलं.

फोन ठेवता ठेवता मला आठवलं. रविवारी लाईट गेली होती. फ्लॉपी आत असती तर माझा संगणकही त्या सकाळी रिकामा झाला असता. दोन वर्षांचे सगळे अंक, सभासदांचे पत्ते, त्यांच्या शंका, सगळं. लोकांना दर अंकात 'दुसरी प्रत काढून ठेवा' असं सांगणाऱ्या संपादिकेने स्वतः एकही प्रत काढलेली नव्हती.

मी दारात गेले. आप्पा एका फ्लॉपीवर गेरू लावत होते.

"आप्पा, तुम्हाला कळलं होतं का, त्यात रोग आहे म्हणून?"

"मला काय कळतंय त्यातलं?" आप्पा म्हणाले. हातातली फ्लॉपी खाली ठेवली. "माझं यवढंच हाय बघ, व्याह्याला न्हाय म्हणाय जीभ रेटत न्हाय. मागं रेटली न्हाय तवा दीडशे मेंढरं गेली. आता तुझी जाऊ द्यायची व्हती काय?"

मी शेजारच्या स्टुलावर टेकले.

"आन भंडारा लागला की मरती, ह्ये तूच सांगितलंयस," आप्पा म्हणाले. "पाचव्या अंकाला."

तेव्हा मला लख्ख कळलं. पत्रक एकशे चौदा घरांत जात होतं. कोणी त्यात भजी बांधत होतं, कोणी फडताळात घालत होतं. पण ते पहिल्या अंकापासून ओळन् ओळ लक्षात ठेवून वापरणारा माणूस एकच होता आणि मी त्याला लोणीला पाठवायला निघाले होते. मला मनापासून लाज वाटली. मी आत जाऊन सभासदत्वाचा कोरा फॉर्म आणला आणि त्यांच्यासमोर भरला. नाव, गाव, धंदा. धंद्याच्या रकान्यात आप्पांनी 'मेंढपाळ' लिहायला सांगितलं, मी तेच लिहिलं. क्रमांक एकशे पंधरा. सही म्हणून गेरूने माखलेला अंगठा उमटला.

मग रीतीप्रमाणे मी फॉर्म मोठ्याने वाचून दाखवला. आप्पांनी डोळे मिटून ऐकला. त्यात न कळण्यासारखं एक अक्षर नव्हतं.

"फिरून वाच," आप्पा म्हणाले.

मी फिरून वाचला.