सरळ माळ आणि माझा गजरा

माझी धाकटी जाऊ गुजरातेत एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मी पलूसला पत्र्याच्या शेडमध्ये कपडे धुण्याची पावडर बनवते. सोड्यात फेसासाठी तपकिरी, चिकट स्लरी ओतायची, फावड्यानं कालवायची, चाळायची. ठसका लागतो, हातांची सालं निघतात. इतक्या वर्षांत सासूबाईंनी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही, की ‘कसं गं करतीस?’ म्हणून विचारलं नाही. त्यांनी एकदा तरी विचारावं, एवढंच मला हवं होतं.

यंदा जत्रेला जाऊ आली. बॅग खाली टेकायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तुमच्यात काय बनतंय गं? नीट सांग बघू." माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथंच.

मी जत्रेसाठी माझा गजरा करत बसले होते. तिनं तो माझ्या हातातून घेतला.

"हे बघा आत्या, इथिलीन म्हणजे वायू. त्याचा एक कण म्हणजे ही दोन फुलं. ताई कशा गाठीगाठीला दोन-दोन फुलं धरतात, तसंच आम्ही दोनाला दोन जोडत नेतो. माळ लांबली की वायूचं तेल होतं. त्याचीच पुढं दुसऱ्या कारखान्यात स्लरी बनते."

"आन् मधीच फुटवा आला तर?"

"मग त्या पावडरीचा फेस ओढ्यात लवकर कुजत नाही. म्हणून माळ सरळच लागते."

उसाच्या फुटव्यावरून सासूबाईंना हा प्रश्न बरोबर सुचला. माझ्या फावड्याबद्दल कधी सुचला नव्हता. गजरा माझा आणि आयत्या पिठावर रेघोट्या तिच्या. मला राहवेना.

"एवढं बनवतेस, तर बाटलीभर आणायचंस की दाखवायला."

तिनं गजरा सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "ताई, मी ते कधी हातातसुद्धा घेतलं नाही. पाइपातून येतं, पाइपातून टाकीत जातं. मी पडद्यावर आकडे बघते. तुम्ही पिशवीवर हात ठेवून सांगू शकता, हे मी केलं. खरं सांगू? मला तुमचा लय हेवा वाटतो." तिचे डोळे भरून आले होते.

तिला माझा हेवा! घटकाभर अगदी गार वाटलं. आता तरी सासूबाई माझ्याकडं बघतील म्हणून मी मान वर केली.

"कशाला वाईट वाटून घेतीस गं," म्हणत त्यांनी जावेच्या पाठीवरून हात फिरवला, दातानं दोरा तोडला आणि माझा गजरा तिच्या केसांत माळला.