गंधकाचा डबा आणि पाच टाक

माझं शिक्षण सातवीपर्यंत. त्यापुढचं जे काही शिकले ते पुड्यांवर, डब्यांवर आणि खोक्यांवर छापलेलं वाचून. वाण्याकडून साखर यायची ती वर्तमानपत्राच्या कागदात. साखर बरणीत ओतली की मी कागद सरळ करून वाचायला बसायची, आणि बातमीचा उरलेला अर्धा भाग कुणा दुसरीच्या घरी तुरीच्या डाळीबरोबर गेलेला असायचा. आज पासष्टी ओलांडली तरी साबणाचं वेष्टनसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. आमचे हे म्हणतात, "तिला देवळातली पावती द्या, ती पण शेवटपर्यंत वाचेल." वाचते. त्यात काय?

पण त्यामुळे एक झालं. घरातल्या साध्यासुध्या वस्तूंबद्दल मला फार कौतुक वाटायला लागलं. आता तुरटीच घ्या. पावसाळ्यात नळाला गंगेचं गढूळ पाणी यायचं. गोदावरीला आम्ही नाशिकचे लोक गंगाच म्हणतो. आई तुरटीचा खडा हातात धरून हंड्यातल्या पाण्यात चार वेळा गोल फिरवायची, आणि थोड्या वेळानं बघावं तर गाळ तळाला आणि वर पाणी आरशासारखं. तोच खडा वडील दाढी झाली की गालावरून फिरवत. तोंड आलं की त्याच्याच पाण्याच्या गुळण्या. खडकातून निघालेला एक पांढरा तुकडा, आणि घरातली किती माणसं त्याच्यावर अवलंबून! रिठ्याचं तसंच. झाडाचं फळ, त्यात गरम शाली धुवा, सोन्याच्या बांगड्या धुवा, केस धुवा. आणि खायचा सोडा तर विचारू नका. भजी हलकी करतो, हरभरे शिजवतो, फ्रिजमधला वास ओढून घेतो, पोटात जळजळलं तर तिथेही धावून येतो. माणसाला एवढी कामं सांगितली असती तर त्यानं केव्हाच राजीनामा दिला असता.

या सगळ्यात माझी एक खोड आहे, ती आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. घट्ट झाकणाचा डबा मला टाकवत नाही. कुठलाही असो.

माझ्या भावाची निफाडकडे द्राक्षबाग आहे. द्राक्षावर भुरी नावाचा रोग येतो, पानांवर नि मण्यांवर पांढरी बुरशी धरते. त्यावर गंधकाची पिवळी भुकटी मारतात. एकदा त्याच्याकडे गेले तर खळ्यात रिकामा डबा पडलेला. जाड प्लास्टिकचा, फिरकीचं झाकण, आत काळ्या रबराची चकती. वहिनी म्हणाली, "अहो ताई, त्यात औषध होतं." मी म्हटलं, "गंधकच ना? गंधक तर खरजेच्या मलमातही असतो." आणि आणला घरी. गरम पाण्यानं, साबणानं दोनदा धुतला, गच्चीत उन्हात दोन दिवस उपडा ठेवला. वास गेला. असा डबा बाजारात मिळत नाही, हे मी चारचौघींना दाखवून सांगितलंसुद्धा. त्यात खायचं काही ठेवायचं नाही एवढं मात्र कळत होतं मला.

आता टाकांचं सांगते. आमच्या घराण्यात देवांचे पाच टाक आहेत. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव. घोड्यावरचा खंडोबा, देवी, भैरोबा आणि घराण्यातले दोन वीर. कितव्या पिढीचे कुणाला ठाऊक नाही. सासूबाईंनंतर ते माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे, सटाण्याला होते. चाळीस वर्षं त्यांनी सांभाळले. यंदा वैशाखात त्या ते पदरात बांधून आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर आल्या.

"माझे गुडघे गेले," म्हणाल्या. "देवापुढं बसवत नाय. आता तू कर. पण सांभाळायला जमलं नाय तर मला सांग, मी घेऊन जाईन. मनात ठेवू नको."

या शेवटच्या वाक्यानंच माझी झोप उडाली. जाऊबाई चिडत नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे परत घेऊन गेल्या असत्या, आणि सगळ्या भावकीत मी अशी एक ठरले असते, जिला देव सांभाळता आले नाहीत.

ज्येष्ठात वरच्या फ्लॅटचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात झिरपायला लागलं. देवघर तिथल्याच भिंतीला. भिंत फोडली, ओटा फोडला, सगळीकडे सिमेंटची धूळ. पूजेला तेवढी एक तसबीर बाहेरच्या खोलीत ठेवली, आणि टाक जपून ठेवायचे म्हणून घरातल्या सगळ्यात चांगल्या डब्यात, सुती फडक्यात गुंडाळून, घट्ट झाकण लावून कपाटात ठेवले. कारागीर दोन आठवडे म्हणाले होते, श्रावण संपला तरी कुणी ना कुणी यायचंच बाकी. गौरी-गणपती थोरल्या घरी सटाण्याला असतात, म्हणून तेव्हाही डबा उघडायचं काम पडलं नाही.

नवरात्राच्या आधी आमच्याकडे देव उजळतात. म्हणजे टाक स्वच्छ करून, घट बसतात त्या दिवशी विड्याच्या पानांवर मांडायचे. एकदा देव घटी बसले की नऊ दिवस जागचे हलवायचे नाहीत. जाऊबाई त्यासाठी येणार होत्या. अमावस्येला निघायचं नाही म्हणून त्या चतुर्दशीलाच येणार. त्याच्या दोन दिवस आधी मी डबा काढला, फडकं सोडलं.

पाचही टाक काळे. कोळशासारखे नाही, त्याहून वाईट. जळक्या तव्यासारखे, मधूनच निळसर. खंडोबा कुठला आणि वीर कुठला ते बोटानं चाचपून कळत होतं.

मी एक टाक पदरानं पुसून पाहिला, फरक नाही. हे पेपर वाचत होते, त्यांनी वर पाहिलं.

"काय झालं?"

"देव काळे पडले."

"चांदी काळी पडतेच."

"अशी नाही पडत हो."

ते उठून आले, बघितलं, आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला.

पहिल्यांदा चिंच लावली. तांब्याला चिंच लागते तशी चांदीला लागली तर बरं, पण चांदीनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग दंतमंजन घेऊन एका वीराला घासायला लागले. फडकं काळं होत होतं, आणि मला वाटलं हे नुसतं काळं नाही, देवाचं अंग निघतंय. त्या वीराच्या घोड्याचा मागचा पाय आधीच पुसट होता. थांबले. ह्यांना घेऊन सराफ बाजारात आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेले. त्यानं भिंग लावून एकेक टाक पाहिला.

"मावशी, पॉलिश करून देतो, पण सांगून ठेवतो. पत्रा फार पातळ झालाय. मशीनवर धरला तर नाकडोळे राहायचे नाहीत. माझं ऐकाल तर हे मोडून नवीन करून घ्या. लोक करतात."

"चतुर्दशीच्या आत?"

"ते नाही होणार."

आणि झाले असते तरी? जाऊबाईंच्या हातात नवे कोरे टाक ठेवून काय सांगणार होते मी? रिक्षात ह्यांनी पिशवी मांडीवर घेतली होती, दोन्ही हातांनी धरून. म्हणाले, "वहिनींना आजच फोन करून सांगून टाक." मी म्हटलं, "उद्या."

चार वाजता सून कंपनीतून आली. ती सातपूरला एका रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. रोज हजारो वायसर बघते आणि त्यातला वाईट बाजूला काढते. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं माझा चेहरा पाहिला, मग ताटात ठेवलेले टाक पाहिले. पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही.

"कशात ठेवले होते, आई?"

मी डबा दिला. तिनं झाकण फिरवून आतल्या बाजूला नाक लावलं. मग नखानं ती काळी रबराची चकती उचकटून काढली. चकतीखालच्या खाचेत पिवळी भुकटी दाबून बसलेली होती. दोनदा धुतला होता मी डबा, पण चकती काढायचं सुचलं नव्हतं.

"हे काय आहे?"

"गंधक. द्राक्षावरचा."

"आणि हे रबर. यातही गंधकच आहे. रबर पक्कं करायला आम्ही त्यात गंधक घालूनच शिजवतो. नाहीतर ते उन्हाळ्यात चिकट होतं. चांदीला गंधक आवडत नाही, आई. म्हणजे फार आवडतो. धरला की सोडत नाही."

"म्हणजे मी देवांना गंधकात कोंडून ठेवलं?"

"दोन्ही बाजूंनी," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "थांबा. रडू नका. चांदी कुठे गेलेली नाही. ती त्या काळ्यातच आहे. ते घासून काढलंत तर मात्र जाईल."

तिनं स्टीलची परात घेतली. तिच्या डब्यातल्या पोळ्या गुंडाळायचा जो चंदेरी कागद असतो ना, तो परातीत अंथरला. तो ॲल्युमिनियमचा असतो, हे मी खोक्यावर वाचलं होतं, पण त्याचा पोळ्यांशिवाय कशाशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं. त्यावर चमचाभर खायचा सोडा आणि तेवढंच मीठ.

"आधी देवांवर नको," मी म्हटलं, आणि पायातली जोडवी काढून दिली. ती वर्षानुवर्षं काळीच होती.

जोडवी कागदाला टेकवून ठेवली आणि वरून उकळतं पाणी ओतलं. पाणी फसफसलं. जरा वेळानं नासक्या अंड्यासारखा वास आला.

हे दारात येऊन उभे राहिले. "आता देवांना सोडा घालून शिजवणार?"

"बाबा, पाच मिनिटांत शिजत नाहीत," सून म्हणाली.

चिमट्यानं जोडवी उचलली. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ती इतकी पांढरी होती की नाही, सांगता येणार नाही. आणि जिथे ती टेकली होती तिथे कागद काळवंडला होता. ते बघून मला खरं कळलं. गंधक चांदीला सोडून त्या कागदाकडे गेला होता. चांदी होती तिथेच राहिली. घासणं नाही, खरवडणं नाही. एक मीठ, एक सोडा, एक पोळ्यांचा कागद, आणि गरम पाणी. हे सगळं माझ्या हाताशी होतं, आणि मी सराफ बाजारात जाऊन आले होते.

मग टाक. एकेक करून, देवाची क्षमा मागून. देवीला दोनदा घालावं लागलं. सगळे झाल्यावर रिठ्याच्या पाण्यातून काढले, मऊ फडक्यावर टिपले. ह्यांनी चष्मा आणला आणि खंडोबा खिडकीशी धरून बराच वेळ बघत उभे राहिले.

जाऊबाई चतुर्दशीला अकराच्या सुमाराला आल्या. एसटीतून उतरून रिक्षानं, हातात कांद्याची पिशवी. "कशी शेस वं?" म्हणून माझ्या गालावरून हात फिरवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "देव आण बरं." मी चौरंगावर ठेवलेलं ताट समोर आणलं.

त्यांनी खंडोबा उचलला. अंगठ्यानं त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मग डोळ्यांजवळ नेला.

"याला डोळे होते?"

खरंच होते. कधीपासूनचं हळदीकुंकू आणि मळ रेषांमध्ये बसला होता, तो गेल्यावर डोळ्यांच्या दोन बारीक रेघा उघड्या पडल्या होत्या. मिशीही दिसत होती.

गप्प बसले असते तर चाललं असतं. काम झालेलं होतं, आणि ह्यांनीही पलीकडून मला मान हलवून तसं सुचवलं. पण जाऊबाई त्या डोळ्यांकडे ज्या तऱ्हेनं बघत होत्या, ते बघून मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. डबा, गंधक, दंतमंजन, सोनार. वीराच्या घोड्याचा पाय दाखवला, तो माझ्या घासण्यानं आणखी पुसट झाला होता. "बाई, तुम्ही म्हणाला होतात, मनात ठेवू नको. आता न्यायचे असतील तर न्या."

जाऊबाईंनी वीराच्या घोड्याचा पाय बोटानं चाचपला. मग खंडोबा ताटात ठेवला.

"याचं नाक बघितलं का?"

"नाही."

"नाय म्हणजे नाहीच ते. मी घालवलं. चाळीस वर्षं दर दसऱ्याच्या आधी राखेनं घासायची मी. हात दुखेपर्यंत. वाटायचं, जेवढं चमकेल तेवढा देव पावेल." त्या हसल्या, पण नीट नाही. "सासूबाईंनी दिले तेव्हा पाचही जणांना नाक होतं. तुला सांगायचं मीही मनातच ठेवलं होतं."

आम्ही दोघी त्या पाच टाकांकडे बघत बसलो.

मग त्यांनी सुनेला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"ते सोड्याचं तू केलंस?"

"हो, मोठ्या आई."

"दरसाल करायचं का ते?"

"काळे पडले तर. नाहीतर नुसत्या कोमट पाण्यानं पुसायचे. घासायचं नाही."

"मग परवा पानांवर देव तूच मांड. मला बसवत नाय, आणि हिचे हातही माझ्यासारखेच घासणारे." माझ्याकडे बोट. "कोणता कुठं ते मी खुर्चीवरून सांगते."

"परवा माझी सकाळची शिफ्ट आहे," सून म्हणाली.

"किती वाजता निघतेस?"

"साडेसहाला."

"मग पाचला उठ," जाऊबाई म्हणाल्या, आणि कांदे कुठे ठेवायचे ते विचारलं.