वरच्या अण्णांचे खिशातले हात

अख्ख्या जे. पी. नगरातल्या माणसांची मतं एका पोत्यात भरली तरी ते पोतं आमच्या वरच्या अण्णांपुढे हलकंच भरेल. मी सांगलीकडची, नववीत शाळा सुटलेली, लग्न होऊन इथं कानडी मुलखातल्या या मोठ्या शहरात आले तेव्हा भीती वाटायची ती फक्त रस्ता ओलांडायची. मग बाळ झालं आणि भीतीला धरबंधच राहिला नाही. त्याच्या छातीत शिट्टी वाजते, श्वास अडकतो, डॉक्टरांनी वाफेचं मशीन घ्यायला लावलंय, ते चालतं लाइटवर, म्हणून मी दिवसभर एक डोळा बाळावर आणि एक पंख्यावर ठेवून असते. पंखा मंदावला की बाळाला उचलून मी दारात जाते. आणि अशा वेळी वरनं अण्णा उतरतात, मत घेऊन!

अण्णांची माणसं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातनं इकडे आलेली. "आमचं मराठी जुनं मॉडेल, अम्मा," म्हणतात, "पण हँग होत नाही बघ." मला अम्मा म्हणतात, माझ्या बाळालाही अण्णाच म्हणतात, इथली पद्धतच तशी. ऑफिसातनं रिटायर झाल्यापासनं त्यांनी घरात कॉम्प्युटर जोडलाय, स्वतःच्या हातानं, झाकण न लावता. "झाकण लावलं की मशीन खोटं बोलायला लागते," हे त्यांचं मत. राजकारणही त्यातच बसवतात. एकदा मी भाजी निवडत होते तर दारात उभं राहून म्हणाले, "सरकार म्हणजे ग्राफिक्स कार्ड. महाग, लगेच गरम होणार, आणि चित्र शेवटी आपलं आपणच काढायचं." मी विचारलं, आणि विरोधातले? "ते पंखे. आवाज फार. पण काढून बघ, सगळं जळून जाते." मला काय कळतंय, मी आपली मेथी निवडत राहिले, पण मतदानाच्या दिवशी रांगेत उभी असताना तेच आठवून हसू फुटलं आणि पुढची बाई मागे वळून बघायला लागली.

पण खरा जीव चित्रकथेत. कॉम्प्युटरवर पेन फिरवून एका हिरोची गोष्ट काढतात, किती वर्षं काढतायत देव जाणे. तो हिरो विमानातनं पडतो, आगीतनं चालतो, आणि सगळं करताना त्याचे दोन्ही हात खिशात! कारण अण्णांना हात काढता येत नाहीत. "नाक कुणीही काढेल," म्हणतात, "हात म्हणजे देवाचं डिपार्टमेंट." बाईमाणूस काढलं तर तिला पदराआड हात, पोलिसाचे हात पाठीमागे. एकदा रावणासारखा राक्षस काढला, त्याला वीस खिसे.

आणि ते सेव्ह करत नाहीत. कधीच. सेव्ह करून बंद केलं की चित्र थंड पडतं, दुसऱ्या दिवशी ते चित्र ओळख देत नाही, असं त्यांचं म्हणणं. आठ-आठ दिवस पान उघडंच. "लाइट गेली तर हो अण्णा?" तर टेबलाखालच्या काळ्या डब्यावर पाय आपटून म्हणतात, "यूपीएस आहे की." लाइट गेल्यावर थोडा वेळ कॉम्प्युटर जिवंत ठेवतो तो डबा.

त्या दिवशी सकाळी बाल्कनीतनं वाकून ओरडले, "अम्मा! हात आला! पाचही बोटं!" मी वर बघून हसले. दुपारी बाळाची शिट्टी सुरू झाली, मी मास्क लावला, मशीन घरघरलं, आणि करंट गेला. नवरा येलहंकाला, कामावर, यायला दोन तास. बाळाच्या बरगड्या आत जाताना दिसत होत्या, मी त्याला कडेवर घेऊन जिन्यातच किंचाळले, शब्दसुद्धा नाही, नुसती किंचाळले.

वर धप्पकन काहीतरी पडलं. अण्णा पळत आले ते छातीशी तो डबा धरून, डबा टुं टुं टुं ओरडतोय, मागनं वायरी लोंबतायत. "स्वल्प बाजूला हो," म्हणाले आणि खाली बसून माझ्या मशीनची पिन त्यात खुपसली. वाफ आली. बाळाला वाफ भरवेपर्यंत अण्णा तो डबा दोन्ही हातांनी धरून बसले. शिट्टी थांबली, बाळ खांद्यावर झोपलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अण्णा, तो हात..."

"त्याचा अंगठा जाडच झाला होता," भिंतीकडे बघत म्हणाले. "हात काय, परत येतो."

आला नाही. त्यानंतर किती दिवस वरनं खुर्ची ढकलल्याचा, पेन आपटल्याचा आवाज यायचा. हिरोचे हात परत खिशात गेले.

आता आम्ही येलहंकाला जागा घेतलीय भाड्यानं, नवऱ्याला कामाजवळ. सामान बांधताना माझा जीव थाऱ्यावर नाही, तिथं वर कोण असेल, किंचाळले तर कोण येईल. काल अण्णा उतरले, काळा डबा माझ्या भांड्यांच्या खोक्यात नीट बसवला, वर बाळाची दुपटी दाबली.

"अहो, आणि तुमचं चित्र?"

"सेव्ह करीन की. त्यात काय."

असं म्हणाले, आणि भिंतीकडे बघत राहिले.