रिकाम्या गाडीचे गचके

आमच्या पिकअपला गचके बसायचे ते नेमके माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हातात. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडी हळू व्हायला लागली, की मागून कुणी धरून ओढल्यासारखी ती झटके द्यायची. खालून खडखड यायची आणि मागच्या रिकाम्या कॅरेटांचा नुसता गलका. मी शेजारी बसलेली असायचे, त्यामुळे साक्षीदारही मीच.

थोरले दीर चालवायचे तेव्हा मात्र गाडी शहाण्यासारखी वागायची. सकाळी पिंपरी पेंढारहून टोमॅटो भरून ते नारायणगावच्या बाजारात न्यायचे, आम्ही दोघी सोबत. माल उतरला की ते वारूळवाडीला आपल्या कामावर जायचे आणि रिकामी गाडी ताई घरी आणायच्या. जाऊबाईंना मी ताईच म्हणते. भरलेली गाडी बाईमाणसाच्या हाती द्यायची नाही, हा आमच्या घरचा न लिहिलेला कायदा.

दिरांनी एकदा बाजाराला जाता जाता गाडी मेस्त्रीला दाखवली. त्याने भरल्या मालासकट चक्कर मारली आणि गाडी ठणठणीत असल्याचं सांगितलं. झालं. दोष ताईंच्या पायात, असं घरात ठरूनच गेलं. मामंजी, म्हणजे आमचे सासरे, जेवताना म्हणाले की सोमवारपासून शेजारच्या वाडीतला ड्रायव्हर येईल, रिकामी गाडी तोच आणेल.

ताईंनी त्यांना भाकरी वाढली. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला. या घरात त्यांनी स्वतःहून मागितलेली ती एकच गोष्ट होती, गाडी शिकणं. स्टेअरिंगवर बसल्या की त्यांचा चेहरा माहेरी निघालेल्या पोरीसारखा व्हायचा. तो चेहरा बघायला मिळतो म्हणून मी बाजाराला जायचे, टोमॅटोशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

शनिवारी परत येताना आम्ही पेंडीची पोती भरून आणली. पेंड काही विकायचा माल नव्हे, म्हणून घरचा कायदा आड आला नाही. गाडी एकदाही गचकली नाही. मी खूश होऊन म्हटलं, ओझरच्या गणपतीला हात जोडले ते कामी आले. ताईंना हसू आलं नाही. घरी पोती उतरवली आणि चहासुद्धा न घेता त्यांनी मला पुन्हा गाडीत बसवलं. ओढ्याकडच्या उतारावर पाय काढला. गचके हजर.

"मघाशी ह्याच उतारानं आलो," ताई म्हणाल्या. "पाय बी माझाच व्हता. मंग बदललं काय?"

मी म्हटलं, गाडी हलकी झाली, दुसरं काय. आयुष्यात इतकं हुशारीचं मी कधी बोलले नव्हते, आणि बोलले ते माझं मलाच कळलं नाही. ताईंना कळलं.

अंगणात गाडी लावून त्यांनी पोतं अंथरलं, पदर खोचला आणि सरळ गाडीखाली सरकल्या. मलाही वाकायला लावलं. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट चांगलाच तिरका दिसत होता. मग त्यांनी ती सगळी पोती परत चढवायला लावली. माझी कंबर मोडली, पण पुन्हा वाकून बघितलं तर गाडी मागून खाली बसली होती आणि शाफ्ट बराच सरळ झाला होता.

करणी आमच्याच घरची होती. हंगामाच्या सुरुवातीला चार कॅरेट ज्यादा बसावेत म्हणून मामंजींनी मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवून घेतला होता. आमच्याकडे बरेचजण घेतात आणि वर मिरवतात. माल असला की गाडी नीट. रिकामी झाली की मागून उंच उठायची, शाफ्टचा जोड वाकडा चालायचा आणि पाय काढला की झटके द्यायचा. दीर चालवत होते भरलेली, मेस्त्रीने बघितली भरलेली. रिकामी चालवणाऱ्या एकट्या ताई. मी घरात जाऊन सगळ्यांची खरडपट्टी काढायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "सांगू नको. चालवू दे त्यास्नी."

रविवारी त्यांनी दिरांना रिकामी गाडी ओढ्यापर्यंत न्यायला सांगितलं आणि मामंजींना शेजारी बसवलं. आम्ही दोघी मागे हौद्यात. उतारावर दिरांनी पाय काढला आणि गाडीने हातचं काही राखलं नाही. मामंजींची टोपी डोळ्यांवर आली. दिरांनी आधी रस्त्याला नावं ठेवली, पण गाडी वर नेऊन पुन्हा उतरवल्यावर खाली उतरून गाडीखाली वाकून बघायला लागले. तेव्हा ताईंनी पाट्याचं सांगितलं, आवाज न चढवता. मी असते तर गाव गोळा केलं असतं.

त्याच दुपारी मेस्त्रीने वाढवलेला पाटा काढला, शाफ्टच्या जोडातला, वाकडा चालून झिजलेला लोखंडी क्रॉस बदलला आणि गचके गेले.

सोमवारी सकाळी चार कॅरेट कमी भरले. ड्रायव्हर आला, त्याला मामंजींनी चहा पाजून परत पाठवलं. दीर नेहमीसारखे स्टेअरिंगकडे निघाले, तर मामंजी ओट्यावरून म्हणाले, "तू तिकडनं बस. गाडी ती नेईल."

गाडी भरलेली होती. ताईंनी पदर खोचला. मग त्यांनी नवऱ्यासमोर किल्लीसाठी हात पुढे केला. तेवढं बघून मलाच रडू आलं.