चारमिनारच्या कमानीतलं काळं

हिंगोलीत जुनी नाणी पारखणाऱ्या दुकानदाराने माझ्या याडीचा, म्हणजे आईचा, निजामाच्या काळातला चारमिनारचा चांदीचा रुपया भिंगाखाली धरला. "वर कडी जोडल्याचा डाख आहे. मधून खोल घाव. अन् ताई, हे घासलं काहून? घासलं की नाण्याची कातडीच जाते."

कातडी म्हटलं आणि माझ्या नाकात चिंचेचा आंबट वास शिरला.

तांड्यावरची ती दुपार. असल्या रुपयांचा हार याडीच्या गळ्यात होता. "हार मोडीन, पण पोरीला कळमनुरीच्या शाळेत घालीनच," ती म्हणाली. बाप प्यालेला नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. त्याने शांतपणे विळा उचलला आणि तिच्या गळ्यावर मारला. खण्णकन आवाज झाला. या रुपयाने पातं अडवलं, ते घसरून तिचा खांदा चिरत गेलं. हार तुटला, रुपये रक्तात घरंगळले.

खांद्याला फडकं बांधून याडी मला म्हणाली, "घास लेकरा. डाग दिसला न्हाई पाह्यजे." मी चिंच आणि राख घेऊन बसले. कमानीच्या बारीक रेघांतलं रक्त काडीने कोरलं. सगळं निघालं असं वाटलं. बाकीचे रुपये विकून मी शिकले. हा एक राहिला.

दुकानदाराने भिंग माझ्याकडे सरकवलं. "या कमानीत जरासं जुनं काळं राहिलंय बघा. तेवढंच अस्सल आहे. आता त्याला हात लावू नका."