मोरचुदी पंखांचं विमान

भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी करंदी सोलत बसले होते. हात तसेच पदराला पुसून माहेरी वटारला धावले आणि दिवसभर त्या हातांचा वास मला येत राहिला... पण खरी शिसारी आली ती काही आठवड्यांनी, शाळेच्या पडवीत भरलेल्या शोकसभेत. टेबलावर भाऊचा फोटो, त्याच्या वर सुतळीने टांगलेलं भाऊचं विमान, आणि विमानाच्या नाकात अडकवलेला झेंडूचा जाडजूड हार. विमानाला कुणीतरी चकचकीत लाल ऑइलपेंट फासला होता. शेजारच्या वाडीचे दामूकाका बोलायला उभे राहिले. "मधू म्हणजे आपल्या गावाचं भूषण. त्याची शेवटची खूण मी स्वतः रंगवून घेतली." मग त्यांनी डोळेही पुसले. मी पहिल्या रांगेत बसले होते.

भूषण म्हणे! भाऊ जिवंत होता तेव्हा हेच लोक त्याला काय म्हणत ते माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. केळीला पाणी सोडायचं सोडून हा पाखरं तासत बसतो, याच्या डोक्यात लढाईत काहीतरी बिघडलं असणार. माझा हा थोरला भाऊ लढाईच्या काळात वायरलेसच्या वर्कशॉपात कामाला होता. लढाई संपल्यावर परत आला तो जुने व्हॉल्व्ह, तारांची भेंडोळी आणि एक वेड घेऊन. तिथल्या एका साहेबाचं हातभर विमान त्याने आकाशात उडताना पाहिलं होतं. तसं आपण करायचं, आणि जमिनीवरून वायरलेसने वळवून परत आणायचं. "उडवायला काय, कागदाचा बाणसुद्धा उडतो," तो म्हणायचा. "परत आलं पाहिजे, शालू."

विमानाला लाकूड लागतं बाल्साचं, हलकं फूल. ते इथे कुठलं मिळायला? पण लढाईत बुडालेल्या कुठल्याशा जहाजाचा एक तराफा अर्नाळ्याला वाहून आला होता आणि इनास कोळ्याने त्याचे तुकडे जाळ्याला बोये म्हणून बांधले होते. भाऊने एक बोया हातात घेतला आणि तो सोडेचना. इनास हसला. "घे रं मधू, सगला घे. वजन नाय काय नाय, नुस्ता वारा हाय त्यात. पन माजी जाली बुडली तर तुज्या इमानाला बांधीन." मग त्याने खरोखरच घरातला राहिलेला तराफा आणून दिला. त्या लाकडाला सुकटीचा असा वास होता की आईने भाऊला गोठ्यात बसवलं.

पंखांवर पतंगाचा कागद चिकटवायचा आणि तो ताणून बसावा म्हणून त्यावर एक खास औषध लावायचं असतं. ते आमच्याकडे नव्हतं. मी म्हटलं, आपण धोतराला कांजी करतो तशी भाताची पेज लावू. लावली. कागद तबल्यासारखा ताणून बसला आणि भाऊ खूश झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेलो तर पंखांवर झुरळंच झुरळं! नुसता सांगाडा उरला होता, त्यावरही त्यांची घाण पडलेली. मी ओकले. भाऊ मात्र पालथ्या पाटीवर बसून हसत होता. "अगं, जेवण बरं झालं असणार!" पुढे बुकबाइंडर किडीसाठी खळीत घालतात तसं निळं, विषारी मोरचूद आम्ही पेजेत घातलं. झुरळं गेली. तेव्हापासून भाऊच्या प्रत्येक विमानाचे पंख किंचित हिरवट निळे असायचे.

पहिली सगळी विमानं गेली ती गेलीच, काही मिठागरात, काही समुद्रात. मग वायरलेस बसला. विमानाच्या पोटात एक पिळलेलं रबर असे. हातातल्या पेटीचं बटण दाबलं की ते रबर एक टप्पा सुटे आणि शेपटीचं सुकाणू वळे. उजवीकडे, मधे, डावीकडे, परत मधे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला आम्ही ते सोडलं. विमान सरळ समुद्रावर निघालं, ठिपका झालं. इनास म्हणाला, "गेला!" भाऊने बटण दाबलं. ठिपका वळला... आणि परत आला. तो आवाज जवळ येताना मी रडले, हे लिहायला मला लाज नाही. उतरलं मात्र ते थेट इनासच्या आयच्या वलांडीत, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांवर. विमानाच्या नाकातल्या चिमुकल्या इंजिनात तेल म्हणून घातलेलं एरंडेल सगळ्या बोंबलांवर उडालं. "मेल्या मधू," ती ओरडली, "आता ह्ये बोंबील कोन खाईल, नि खाल्ले तर कुटे धावंल?" घरी येताना भाऊ तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मग एक दिवस पोलीस आले. परवाना मागितलेला होता, मिळायला उशीर होत होता, आणि कुणीतरी चौकीवर जाऊन सांगितलं होतं की मधू रेडिओवरून चोरट्या सोन्याच्या होड्यांना खुणा करतो. हवालदाराने तोंडावर सांगितलं, "तुमच्या दामूकाकांनीच कळवलं." काका कुंपणापलीकडे उभे राहून पान लावत होते. पेटी गेली. भाऊ एवढंच म्हणाला, "ओल लागू देऊ नका तिला." दोन वर्षं त्याने विमान उडवलं नाही. मी चिडून म्हणायची, पेटीशिवाय असंच सोड की. तो म्हणायचा, "परत आणता येणार नाही, त्याला सोडायचं कशाला?"

गेल्या महिन्यात परवाना आला, पेटीही आली. त्याच आठवड्यात एका सकाळी भाऊ विहिरीपाशी बसल्या बसल्या गेला. पेटी मी माझ्या घरी नेली. घराची किल्ली शेजारी म्हणून दामूकाकांकडे राहिली, आणि घरातलं विमानही.

सभा संपायची वाट मी पाहिली नाही. स्टुलावर चढले, हार काढून टेबलावर टाकला, सुतळी सोडली. "अगं शालू, काय हे! चार माणसांत!" काका म्हणाले. मी म्हटलं, "काका, याला हात लावायचा तुम्हाला काय अधिकार?" त्यांच्या तोंडाला पानाचा वास येत होता. विमान हातात घेतलं. ते जड झालं होतं. इतक्या रंगाखाली ते आता कधीच उडणार नाही, हे मला हातालाच कळलं.

घरी आणून पोटाचं झाकण उघडलं. आत रबर पिळलेलं होतं, गच्च. भाऊचा नेम होता, उडवून झालं की आधी रबर सोडायचं. ताणून ठेवलेलं रबर मरतं, म्हणायचा. म्हणजे त्या सकाळी केळीला पाणी सोडून झालं की तो विमान घेऊन किनाऱ्यावर निघणार होता... मी पेटीचं बटण दाबलं. आत टक् झालं, पण सुकाणू हललं नाही. त्याची बिजागरी म्हणजे माझ्याच जुन्या साडीची पट्टी होती आणि तिच्यावर रंग वाळून दगड झाला होता. मी ब्लेडने तो खरवडला. खालून हिरवट निळा कागद दिसला. परत बटण दाबलं. सुकाणू उजवीकडे वळलं. मग मधे, डावीकडे, मधे. रबर पूर्ण सुटेपर्यंत मी दाबत राहिले.